गोव्यात जुनं सामान ऑनलाइन घ्यायचं-विकायचं असेल तर

गोव्यात नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्याला पहिल्या महिन्यातच फ्रिज लागतो आणि दुचाकी लागते. पणजी-मडगाव बसने होतं, पण आतल्या वाड्यांवर संध्याकाळनंतर बस मिळणं मुश्कील. सगळं कोरं घ्यायचं तर परवडत नाही, म्हणून माणूस ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेस उघडतो आणि आठवड्याभरात वैतागतो. फोटो एक, वस्तू दुसरीच. गाडी ‘चकाचक’, पण आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, तिसऱ्याच माणसाच्या नावावर. विकणाऱ्याचीही तीच गत. दिवसभर ‘अव्हेलेबल?’ एवढाच मेसेज, ‘संध्याकाळी येतो’ म्हणणारा येत नाही, आणि जो येतो तो दारात उभा राहून ठरलेल्या भावातून आणखी हजार कापायला बघतो.

तरीही मी लोकांना जुनंच घ्या असं सांगतो. चालता फ्रिज भंगारात जाण्यापेक्षा दुसऱ्या घरात चालत राहावा, यात दोघांचंही भलं आहे. गोव्याला हे नवीनही नाही. हणजूणचा बुधवारचा बाजार मुळात असाच सुरू झाला, परतीच्या तिकिटासाठी हिप्पी आपलं सामान तिथे विकायला मांडत. आता तोच व्यवहार मोबाइलवर आला आहे. फरक इतकाच की समोरचा माणूस दिसत नाही. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच नियम आहे: वस्तू बघितल्याशिवाय पैसा द्यायचा नाही आणि पैसा खात्यात दिसल्याशिवाय वस्तू सोडायची नाही.

पहिली पायरी : हंगाम ओळखा

इथला जुना बाजार पर्यटनाच्या हंगामावर चालतो. एप्रिल-मेमध्ये शॅक, म्हणजे किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळी, मोडायला लागतात, गेस्ट हाउसवाले गाद्या-पंखे बदलतात, आणि हरमल, मोरजी, शिवोली, आसगाव या पट्ट्यात सहा-सहा महिने राहिलेली माणसं पावसाआधी घरं सोडतात. त्यांना चार दिवसांत सगळं विकून निघायचं असतं. घेणाऱ्यासाठी वर्षातला सगळ्यात चांगला काळ हाच. तीच स्कूटर ऑक्टोबरमध्ये घ्यायला गेलात तर भाव चढलेला असतो, कारण तेव्हा सगळेच शोधत असतात.

विकणाऱ्याने हे उलट वाचावं. स्कूटर ऑक्टोबरच्या तोंडावर काढा. फ्रिज, मिक्सर, खुर्च्या, टेबलं चतुर्थीच्या आधी दोन-तीन आठवडे, कारण तेव्हा घराघरांत रंगरंगोटी चाललेली असते आणि चाकरमानी येणार म्हणून सामान लागतं. इन्व्हर्टर मे महिन्यात, पहिल्या वळवाबरोबर वीज जायला लागते तेव्हा. घेणाऱ्याने मात्र इन्व्हर्टर हिवाळ्यातच घेऊन ठेवावा.

आणखी दोन ठिकाणांवर नजर ठेवा. सांकवाळला बिट्स पिलानीचा कॅम्पस, कुंकळ्ळीला एनआयटी, ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ. सत्र संपलं की विद्यार्थी सायकली, टेबलं, टेबलफॅन स्वस्तात काढतात. आणि दाबोळी-वास्कोकडे नौदलाची कुटुंबं बदलीच्या वेळी सामान विकतात. ते बहुधा नीट वापरलेलं असतं. पण सैन्याचं नाव घेऊन फसवणारेही खूप आहेत, त्याबद्दल पुढे लिहितो.

दुसरी पायरी : गाव आणि वाडा विचारा

जाहिरातीत ‘नॉर्थ गोवा’ लिहिलेलं असतं. त्यात पेडणेही आलं आणि वाळपईही. मार्केटप्लेसवर तर अंतराचं वर्तुळ असतं, त्यात सावंतवाडी, कारवार, कधी बेळगावचंही सामान दिसतं. म्हणून भाव विचारण्याआधी गाव विचारा, वाडा विचारा, कितवा मजला ते विचारा. चोडण किंवा दिवाडीला असेल तर फ्रिज फेरीबोटीतून आणावा लागेल, हे आधी ठाऊक असलेलं बरं. पाच हजारांचं कपाट काणकोणहून म्हापशाला आणायला पिकअपवाल्याने अडीच-तीन हजार मागितले तर त्या स्वस्ताईला अर्थ उरत नाही. जड वस्तू आपल्याच तालुक्यात किंवा शेजारच्या तालुक्यात शोधायची, मोबाइल-लॅपटॉपसाठी गोवाभर फिरायला हरकत नाही.

तिसरी पायरी : विकत असाल तर जाहिरात पूर्ण लिहा

‘अव्हेलेबल?’ विचारणाऱ्यांवर चिडण्याआधी आपली जाहिरात एकदा वाचावी. तिच्यात काहीच नसेल तर माणूस दुसरं काय विचारणार? मला चांगली वाटणारी जाहिरात अशी:

‘सिंगल डोअर फ्रिज, १९० लिटर, २०२० ची खरेदी, बिल आहे. डाव्या अंगाला खाली गंज, तिसरा फोटो पाहा. फ्रीजरचं झाकण तुटलेलं, बाकी सगळं चालू. पर्वरी, दुसरा मजला, लिफ्ट नाही, उतरवायला माणूस तुमचा. सहा हजार, थोडंफार कमी होईल. संध्याकाळी सहानंतर फोन करा.’

हिच्यात दोष आधी सांगितलेला आहे, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा भाग. दोष लपवला की माणूस पेडण्याहून येतो, गंज बघतो, आणि मग एक तर परत जातो नाहीतर निम्म्या भावात मागतो. दोघांचीही संध्याकाळ फुकट. फोटो दिवसाउजेडी काढा, पाठचा आणि आतला भागही दाखवा. नेटवरून उचललेला कंपनीचा फोटो लावू नका, त्याने संशयच वाढतो. मोबाइलचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक), बिलावरचा पत्ता, घराचा नंबर हे मात्र फोटोत येऊ देऊ नका.

भाव किती लावायचा? मूळ किंमत विसरा. तशीच वस्तू आज गोव्यात कितीला निघाली आहे ते चार-पाच जाहिरातींत बघा आणि त्यांच्या मधला आकडा धरा. प्लायवूडच्या कपाटाला जुन्या बाजारात जवळजवळ भाव नसतो, सागवानाला असतो. हे लोकांना पटत नाही आणि मग त्यांची जाहिरात चार महिने पडून राहते.

चौथी पायरी : बोलणी फोनवर, वेळ घड्याळावर

घेणाऱ्याने पहिल्याच मेसेजमध्ये आपण कोण, कुठून, कधी येऊ शकतो हे सांगावं. ‘नमस्कार, मी फोंड्याहून. फ्रिज अजून आहे का? असेल तर शनिवारी सकाळी दहाला पाहायला येतो, पसंत पडला तर लगेच नेतो.’ असा मेसेज आला की विकणारा इतर सगळे बाजूला ठेवून यालाच उत्तर देतो. ‘लास्ट कितले?’ (शेवटचा भाव किती?) हा प्रश्न इथे सगळे विचारतात, त्यात काही गैर नाही, पण तो वस्तू बघितल्यावर विचारावा. न बघता घासाघीस करणाऱ्याला विकणारे मनावर घेत नाहीत.

दुपारी एक ते चार फोन करू नये. गावात ती जेवणाची आणि वामकुक्षीची वेळ असते.

येतो म्हणून न येणं हा यातला सगळ्यात मोठा मनस्ताप. त्यावर माझा उपाय सरळ आहे. त्याच दिवशी सकाळी एक मेसेज टाकायचा: ‘आज साडेपाचला येताय ना? सहापर्यंत वाट बघतो, नंतर पुढच्याला बोलावतो.’ आणि सहानंतर खरोखरच पुढच्याला बोलवायचं. ओळख नसताना ‘माझ्यासाठी ठेवा’ म्हटलं म्हणून वस्तू अडवून ठेवू नये. उलट बाजूने, एकाला शब्द दिला असेल आणि तो वाटेत असताना दुसऱ्याने पाचशे जास्त दिले, तर त्या पाचशेसाठी पहिल्याला परत पाठवू नका. गोवा लहान आहे, तोच माणूस उद्या तुमच्या ओळखीतला निघतो.

पाचवी पायरी : पाहणी

इथे घाई करू नका. गोव्याच्या हवेत मीठ आहे आणि चार महिने पाऊस आहे, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या सल्ल्यांवर इथे भागत नाही.

फ्रिज बघायला जायच्या आदल्या रात्रीपासून तो चालू ठेवायला सांगा. पोचल्यावर आधी फ्रीजर उघडा, बर्फ धरलेला हवा. मग कागदाचा एक कपटा दारात धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज सुटला तर दाराचं रबर गेलं आहे. फ्रिज भिंतीपासून पुढे ओढून मागे बघा. तांब्याच्या नळीच्या जोडापाशी तेलकट डाग असेल तर गॅस गळतो आहे, मग कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. खालच्या पत्र्याला बोटाने दाबा. रंगाखाली गंज असेल तर पत्रा आत जातो. कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या घरांत हा गंज फार लवकर धरतो. तेच वय, पण डिचोली-साखळीकडचा फ्रिज असेल तर पत्रा धड सापडण्याची शक्यता जास्त.

एसीच्या बाबतीत माझं स्पष्ट मत आहे: समुद्राजवळच्या घरातला जुना एसी घेऊ नये. बाहेरच्या युनिटच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खाऱ्या वाऱ्याने भुगा होऊन गळतात. शिवाय काढणं, बसवणं, गॅस भरणं हा खर्च वेगळाच. आतल्या भागातला एसी घ्यायचा झाला तर वीजबचतीच्या ताऱ्यांच्या लेबलवरचं वर्ष बघा. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होत आले आहेत, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच तारे आजचे पाच तारे नसतात.

लाकडी सामानाखाली बारीक पिठासारखा भुसा पडला असेल तर कीड आत आहे, आणि ती तुमच्या दारा-खिडक्यांनाही लागेल. ‘पोर्तुगीज काळातली’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शिसवी खुर्च्या-कपाटांबद्दल जपून राहा. बऱ्याच नव्याच असतात, नुसत्या पॉलिशने जुन्या दिसतात. आणि एखादी खरोखर शंभर वर्षांवरची निघाली तर १९७२ चा पुरावशेष कायदा आड येऊ शकतो. तो देशाबाहेर नेण्यावर बंदी घालतो आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना मागतो. विकणारा विदेशात पाठवून देतो म्हणाला तर तिथेच थांबा.

मोबाइल हातात घेतल्यावर *#०६# दाबा, आयएमईआय दिसेल. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळवा. मग इंग्रजीत KYM लिहून, जागा सोडून, तो १५ आकडी नंबर १४४२२ वर एसएमएस करा, किंवा दूरसंचार विभागाच्या संचार साथी ॲपवर तपासा. काळ्या यादीतला किंवा डुप्लिकेट नंबर असेल तर तिथेच कळतं. चोरीचा आहे असं वाटायला कारण असूनही घेतलात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही अडकतो. आयफोन असेल तर विकणाऱ्याने तुमच्यासमोर आपलं खातं काढायला हवं. अँड्रॉइड असेल तर आधी गुगल खातं काढून मग रीसेट. ‘घरी गेल्यावर पासवर्ड पाठवतो’ हे चालवून घेऊ नका.

एक वस्तू कधीच घ्यायची-विकायची नाही: गॅसचा सिलिंडर. ती तुमची मालमत्ता नसते. जोडणी सोडताना सिलिंडर एजन्सीला परत द्यायचा आणि अनामत घ्यायची.

सहावी पायरी : पैसे

नवखे विकणारे सगळ्यात जास्त इथे फसतात, म्हणून एक फोन कसा असतो ते सविस्तर सांगतो. तुम्ही टेबल विकायला काढता. दहा मिनिटांत फोन. हिंदीत, फार आदराने: ‘सर, मी आर्मीत आहे, आता वास्कोला बदली झाली.’ भाव अजिबात कमी करत नाही, टेबल बघायलाही येत नाही. लगेच व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड. मग म्हणतो, ‘आमचं पेमेंट वेगळ्या पद्धतीने होतं, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.’ पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. मग तोच सांगतो, ‘चुकून उलटं झालं, पुन्हा एकदा स्कॅन करा, दोन्ही परत येतील.’

यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो. घेण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, लिंक दाबावी लागत नाही, कुठलं ॲप टाकून स्क्रीन दाखवावा लागत नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैशांची रिक्वेस्ट पाठवण्याची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केली. त्यामुळे आता अशा लोकांचा भर क्यूआर आणि लिंकवर आहे.

घेणाऱ्याला हीच मंडळी दुसऱ्या रूपात भेटतात. निम्म्या भावात स्कूटर, मालक सीआयएसएफमध्ये (विमानतळांवरचं केंद्रीय सुरक्षा दल), गाडी दाबोळी किंवा मोपा विमानतळाच्या पार्किंगमध्ये, ‘बघायला आत सोडत नाहीत, पण ट्रान्सपोर्टचे तीन हजार भरा, घरपोच येते.’ तीन हजार गेले की जीएसटीचे, मग विम्याचे. गाडी नसतेच. खरा नौदलाचा किंवा सीआयएसएफचा माणूस तुम्हाला वस्तू बघायला बोलावतो आणि समोर उभा राहून पैसे घेतो.

विकताना पैसे आल्याचा स्क्रीनशॉट किंवा एसएमएस पुरावा मानू नका, दोन्ही खोटे बनवता येतात. स्वतःचं बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघा आणि मगच वस्तू उचलू द्या. कोणी ‘चुकून जास्त पाठवले, परत करा’ म्हटलं तरी आधी शिल्लक बघा. इसार घ्यायचा-द्यायचा तो समोरासमोर, वस्तू बघून झाल्यावर, आणि कागदावर लिहून. मोबाइल-लॅपटॉपसारखा लहान व्यवहार घरी न करता म्हापसा, पणजी, मडगाव, फोंड्याच्या कदंब बसस्थानकावर दिवसा करावा. माणसांची ये-जा असते आणि सगळ्यांना पोचायला सोपं.

सातवी पायरी : दुचाकी-चारचाकीचे कागद

गोव्यातला मोठा घोळ म्हणजे नाव न बदलता फिरणाऱ्या गाड्या. एकाने स्कूटर घेतली, हंगाम संपला, फॉर्मवर सह्या करून दुसऱ्याला दिली, त्याने तिसऱ्याला. पहिला मालक केव्हाच देश सोडून गेला. अशी गाडी तुमच्या नावावर करणं जवळपास अशक्य असतं. आरसीवरचा मालक समोर नसेल तर ती गाडी घेऊ नका, किंमत काहीही असो.

पाहायला जाण्याआधी नंबर मागा आणि एमपरिवहन ॲपवर टाका. नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी, बँकेचा बोजा दिसतो. ई-चलनही तपासा. नंतर चासी नंबर आरसीशी स्वतः डोळ्यांनी जुळवा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे रेंट-अ-बाइक. पाटी पांढरी असली तरी पूर्वी ती भाड्याची होती का, हे विचारा. रोज नवा चालवणारा असलेल्या गाडीचा क्लच आणि सस्पेन्शन किलोमीटरच्या आकड्यावरून कळत नाहीत, त्यासाठी ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा.

नाव बदलायला फॉर्म २९ दोन प्रतींत, फॉर्म ३०, आरसी, चालू विमा, पीयूसी आणि दोघांची ओळखपत्रं लागतात. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज द्या. एमएच-०७ (सिंधुदुर्ग) किंवा केए-३० (कारवार) ची गाडी असेल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, आधी विकणाऱ्याकडून घ्या. परराज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, आणि इथला रस्ता कर भरावा लागतो. तो भावात धरून चाला.

विकणाऱ्यांनो, ‘तो करून घेईल’ म्हणून सह्या देऊन मोकळे होऊ नका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच अंगावर येते. अर्ज दाखल झाल्याची पावती हातात येईपर्यंत व्यवहार पुरा झाला असं समजू नये.

आठवी पायरी : घरी आणणं आणि कागद ठेवणं

फ्रिज उभाच आणा. आडवा आणावा लागला तर घरी काही तास उभा ठेवून मग लावा. पावसात पिकअपला ताडपत्री आहे का हे आधीच विचारा. साध्या कागदावर तारीख, वस्तू, सीरियल नंबर, रक्कम, दोघांची नावं आणि सह्या एवढं लिहून दोघांनी फोटो काढून ठेवा. मूळ बिल मिळालं तर उत्तमच.

फसलात तर

लाजू नका, थांबू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्याआधी गोठवता येतात, म्हणून इथे पहिला तास फार मोलाचा. बँकेला कळवा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, आणि चॅट, नंबर, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक पुसू नका. पैसे गेले नसले तरी आलेला फसवा फोन संचार साथीच्या चक्षू सुविधेत नोंदवता येतो. ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा खासगी माणूस आला तर तो दुसरा ठग समजा.

सगळं सुरळीत झालं तर त्याच संध्याकाळी जाहिरात काढून टाका, ‘विकलं’ अशी खूण करा, आणि रांगेत असलेल्या बाकीच्यांना एका ओळीचा मेसेज पाठवा. कोणीतरी काणकोणहून पिकअप ठरवायच्या बेतात असू शकतो.